अजगर दिसला की आधी हात खिशात

मृगाच्या आसपास मला जे फोन येतात, त्यांतला सगळ्यात धोक्याचा फोन मोठ्या अजगराचा नसतो. तो असा असतो: "काकी, अजगराचां पिल्लू गावलां, बालदीत घातलंय." अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारते तो एवढाच, की हाताने उचललंत का. कारण बालदीतलं ते पिल्लू निम्म्या वेळा अजगराचं नसतंच. ती घोणस असते.

मी दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात राहते. काजू, सुपारी, थोडं भात, आणि वनखात्याकडे सर्पमित्र म्हणून नाव नोंदवलेलं असल्यामुळे सापांची कामं. अजगराबद्दल लोक दोन टोकांनी वागतात. एक तर काठ्या घेऊन धावतात, नाहीतर "बिनविषारी आहे रे" म्हणत गळ्यात घालतात. या दोन्हींच्या मधे काय करायचं, ते लिहिते आहे. बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. पण ते 'काहीच न करणं' नीट जमावं लागतं.

आधी खात्री: अजगर की घोणस

अंड्यातून बाहेर पडलेलं अजगराचं पिल्लू दीड-दोन फुटांचं असतं. तपकिरी, अंगावर गडद डाग, जाडसर. वाढलेली घोणस तीन-चार फुटांची, तपकिरी, अंगावर गडद डाग, जाडसर. त्यात दोघांचा मोसमही एकच. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते, तेही मे ते जुलैच्या सुमारास. अजगराची पिल्लंही पावसाच्या तोंडाला बाहेर पडतात. म्हणजे गडग्याच्या दगडांत, लाकडांच्या ढिगात, काजूच्या पाल्यात दोन्ही एकाच महिन्यात दिसतात. एक निरुपद्रवी, दुसरीचं विष रक्त आणि मूत्रपिंडं निकामी करणारं.

फरक ओळखायचा तो अंगावरच्या डागांवरून. घोणशीच्या पाठीवर डागांच्या तीन ओळी असतात, आखल्यासारख्या. प्रत्येक डाग लंबगोल, त्याला काळी कड, आणि बहुतेकदा त्या कडेला बारीक पांढरी रेघ. मधल्या ओळीतले डाग पुष्कळदा एकमेकांना चिकटून साखळी होते. अजगराच्या डागांना असली शिस्त नाही. ते लहानमोठे, वेडेवाकडे, कडा फाटलेल्या. एकाचा आकार शेजारच्याशी जुळत नाही.

मग अंगाची चकाकी बघा. अजगराचे खवले गुळगुळीत. ऊन पडलं की त्यावर निळसर-जांभळी झाक फिरते. घोणशीचा प्रत्येक खवला मधोमध उंचावलेला, त्यामुळे अंग खरखरीत आणि मळकं दिसतं. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. ती मानेकडे गडद आणि नाकाकडे फिकट होत जाते. पिल्लात तर तिथे गुलाबी छटा स्पष्ट दिसते. घोणशीचं डोकं त्रिकोणी, आणि नाकाकडे एकत्र येणाऱ्या दोन फिकट रेघांचा उलटा 'व्ही'. घोणस डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते आणि टाकतच राहते. अजगरही फुसफुसतो, पण एवढा वेळ नाही.

डोळ्याची बाहुली बघून ओळखा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोघांचीही उभी असते. शिवाय बाहुली दिसेपर्यंत जवळ जाण्यात शहाणपणा कसला!

तिसरी एक भानगड म्हणजे डुरक्या घोणस. नावात घोणस, पण बिनविषारी. शेपूट आखूड, बोथट आणि खरखरीत. तीही अजगराचं पिल्लू म्हणून बालदीत येते. म्हणूनच नियम सोपा: चार-पाच फुटांच्या आतला, जाड आणि डागांचा कुठलाही साप घोणसच धरून चालायचं. लांबून मोबाईलचा झूम लावून फोटो काढा आणि जाणत्याला पाठवा. उत्तर येईपर्यंत हात खिशात.

मोठा अजगर: तो तिथे का आहे?

सात-आठ फुटांच्या पुढचा असला की ओळखीत चूक होत नाही. आता विचारायचं ते वेगळं: तो वाटेत आहे की आपण त्याच्या वाटेत आहोत?

व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, चिरेखाणीच्या जुन्या खड्ड्यात, काजूच्या बागेत किंवा गडग्यावर ऊन खात पडलेला अजगर घरी आहे. त्याला 'पकडून जंगलात सोडा' म्हणणं चुकीचं. थंडीत तर सकाळी उन्हाला येतो आणि ऊब मिळाली की जातो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात अजगर बिळांच्या तोंडाशी पडलेले असतात आणि पर्यटक ते बघायला जातात. ती बिळं मुळात साळिंदराची. तिथल्या अभ्यासात साळिंदर, अजगर आणि वटवाघळं एकाच बिळात राहताना नोंदली गेली आहेत. साळिंदर हे अजगराचं भक्ष्यही आहे, तरी हा संसार चालतो. आपल्याकडेही साळिंदराचं बीळ दिसलं की आत एकच भाडेकरू असेल असं गृहीत धरू नका, आणि ते बुजवू तर मुळीच नका.

पोट फुगलेला अजगर असेल तर त्याला हलवणं सगळ्यात वाईट. भक्ष्य गिळल्यावर त्याच्या शरीरात जे होतं ते अचाट आहे. आपल्या अजगराचा सख्खा भाऊ म्हणजे ब्रह्मी अजगर. त्याच्यावर झालेल्या प्रयोगांत जेवणानंतर दोन दिवसांत हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. सगळं शरीर पचनाला जुंपलेलं असतं. अशा वेळी लोकांनी घेरलं, काठीने ढोसलं, की तो गिळलेलं ओकून टाकतो, म्हणजे पळायला अंग हलकं होतं. बाहेर पडताना भेकराच्या पिल्लाचे खूर, बकरीच्या करडाची शिंगं घशाला जखमा करतात. बरं, बकरीचं करडू तर गेलंच, ते ओकल्यावर जिवंत होत नाही. म्हणजे नुकसान दोघांचंही.

मी अशा ठिकाणी दोन कामं करते. कुत्री बांधायला लावते आणि माणसं दहा-बारा पावलं मागे घेते. अजगरापेक्षा गर्दी आवरणं जड. एकाला तरी काम द्यावं लागतं, नाहीतर तो काठी शोधतो. जो सगळ्यात जास्त ओरडतो त्यालाच 'कोणाला पुढे येऊ देऊ नकोस' म्हणून उभा करायचा. हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही, पण लागू पडतो.

फोन कोणाला आणि काय सांगायचं

महाराष्ट्रात वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. गावच्या वनरक्षकाचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा. फोनवर 'पंधरा फुटी आहे, लवकर या' एवढंच सांगू नका. भारतीय अजगर साधारण ३ मीटरच्या आसपास भरतो, ४ मीटरच्या वरचा क्वचित. भीतीपोटी वाढलेले फूट सोडून द्या आणि सांगा: कुठे आहे, पोट फुगलेलं आहे का, जखम आहे का, जाळ्यात अडकलाय का, बाहेर जायला वाट मोकळी आहे का. यावरून येणारा माणूस ठरवतो की पिशवी आणायची, कात्री आणायची, की नुसतं येऊन तुम्हाला घरी पाठवायचं.

आलेला सर्पमित्र अजगर गळ्यात घालून फोटो काढू लागला तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नका. लांबी मोजायला म्हणून दोघांनी डोकं-शेपूट धरून ताणणाऱ्यांनाही नाही. त्या ताणाने मणके दुखावतात. मोजायचंच असेल तर तो निघून गेल्यावर डोकं आणि शेपूट कुठे होतं तिथे खुणा करा आणि तो पडला होता त्या वळणाने सुंभ धरा.

खुराड्यातला अजगर

हा प्रकार आमच्याकडे नेहमीचा. रात्री कोंबड्यांचा कल्लोळ, बॅटरी मारली तर कोपऱ्यात वेटोळं. अजगराचं डोकं अंगाच्या मानाने लहान. ते जिथून गेलं तिथून उपाशी अंगही जातं. आत गेल्यावर दोन कोंबड्या गिळल्या की परतीला तेच भोक पुरत नाही. मग तो जाळीला धडका देत राहतो, तोंड घासून रक्त काढतो आणि सकाळी लोक म्हणतात, 'चवताळलाय.' चवताळलेला नाही, अडकलाय.

उरलेल्या कोंबड्या दुसऱ्या दाराने किंवा वरून काढता आल्या तर काढा. तो दाराशी असेल तर तो नाद सोडा. वनखात्याचा माणूस लगेच येणार असेल तर तेवढं थांबा. पोचणं शक्यच नसेल तर कुत्री बांधा, खुराड्याचं दार सताड उघडं टाका, दिवे घालवा आणि घरात जा. बहुतेक अजगर पहाटेपर्यंत निघून जातात.

नंतर खुराडं दुरुस्त करा, नाहीतर पुन्हा फोन ठरलेला. षट्कोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते आणि बोटाने फाटते. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा, ती जमिनीत वीतभर गाडा किंवा खुराडं चिऱ्यावर उचलून घ्या. दाराखालची फट दोन बोटांपेक्षा कमी ठेवा. आणि खुराड्याखाली सांडलेलं धान्य रोज झाडा. धान्याला उंदीर येतात आणि अजगर बऱ्याचदा आधी उंदरांच्या मागावर येतो. वरच्या ओठाच्या कडेला, नाकपुड्यांपाशी त्याला खाचा असतात. त्यांतून गरम रक्ताच्या प्राण्याच्या अंगाची ऊब त्याला गडद अंधारातही कळते. उंदराच्या मागे येऊन पुढे कोंबडी दिसली तर तो का सोडेल?

करडू किंवा कोंबड्या गेल्या असतील तर वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, आणि भरपाईत काय बसतं ते कार्यालयातच विचारा. ज्याची गाभण शेळी गेली त्याला निसर्गाचं चक्र समजावायला जाऊ नये. तो काठी उचलतो ती याच रागाने.

जाळ्यात अडकलेला

रानडुकरांसाठी, मोरांसाठी भाताभोवती आणि भाजीच्या मळ्याभोवती नायलॉनची जुनी मासेमारीची जाळी बांधतात. गेल्या काही वर्षांत माझी सगळ्यात जास्त कामं याचीच. सापाचे खवले मागच्या दिशेला असतात, त्यामुळे भोकात घुसलेला साप मागे सरू शकत नाही. पुढे रेटतो आणि धागा खवल्याखाली रुततो. अजगर जाड, म्हणून त्याला चार-पाच ठिकाणी काचतं.

इथे लोकांची पहिली ऊर्मी धागा ओढून सोडवायची असते. ओढायचं नाही. आधी जाळं कुंपणापासून कापून वेगळं करा, म्हणजे साप जाळ्याच्या तुकड्यासकट मोकळा होतो आणि झटापट थांबते. डोक्यावर ओलं गोणपाट किंवा सुती चादर टाका. दिसेनासं झालं की तो शांत होतो. सावली करा. एवढं कोणालाही करता येतं. अंगावरचा धागा कापण्याचं काम शिकलेल्या माणसाचं. बोथट टोकाची कात्री खवल्याच्या दिशेने, आडवी सरकवत नेतात. एकेक धागा उचलून कापतात. सोडवल्यावर साप तरतरीत दिसला तरी लगेच रानात सोडू नये. काचलेल्या जागेचं मांस दोन-चार दिवसांनी काळं पडू शकतं, म्हणून पशुवैद्याला दाखवून काही दिवस नजरेखाली ठेवावा लागतो.

मोसम संपला की जाळं गुंडाळून घरात ठेवा. कापणी झालेल्या भाताच्या कुणग्यात जाळं बांधलेलं ठेवून कोणाचं रक्षण होतं?

अंडी सापडली तर

डिसेंबर ते फेब्रुवारी जोड्या जुळतात आणि उन्हाळ्यात मादी अंडी घालते, बहुधा वीस-तीसच्या घरात, कधी त्याहून खूप जास्त. पांढरी, चामड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटलेली. दोनेक महिने ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते. या काळात ती क्वचितच काही खाते. सापांत आईपण एवढं निभावणारे थोडेच.

आणि नेमक्या याच महिन्यांत आपण काय करतो? वणवे लावतो, भाजावळ करतो, जेसीबीने नव्या काजूबागेसाठी डोंगर सोलतो. वारूळ, बीळ, दगडांची कपार उकरताना अंडी दिसली तर यंत्र तिथेच थांबवा. मादी आजूबाजूला असेल. बाजूला झालात तर ती परतण्याची शक्यता असते. तेवढा तुकडा पावसापर्यंत सोडून बाकीचं काम करता येतं. मालकाला पटत नसेल तर कायदा सांगा. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासणं किंवा घरटं विस्कटणं वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीतच मोडतं, आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

बीळच उरलं नसेल तर वनखातं अंडी हलवून उबवतं. ते येईपर्यंत अंडी उचलू नका, फिरवू तर नकाच. सापाच्या अंड्यात गर्भ कवचाला वरच्या बाजूला चिकटलेला असतो. कोंबडीच्या अंड्यासारखं ते उलटंपालटं केलं की आतलं पिल्लू मरू शकतं. पेन्सिलीने वरच्या बाजूला हलकी फुली मारा आणि पाल्याने झाका.

चावला किंवा वेढलं तर

विष नाही. पण दात आत वळलेले, सुईसारखे आणि भरपूर. चावल्यावर हात झटकन ओढला तर कातडी फाटते आणि दात तुटून आत राहतात. डोकं मागून स्थिर धरून किंचित पुढे ढकललं की दात सुटतात. साबणपाण्याने धुवा, वाहतं रक्त दाबून धरा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. चावणारा साप अजगरच होता याची पुरती खात्री नसेल तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालयात. घोणशीचं विष काय करतं ते वर सांगितलंच.

हाताला वेढा बसला तर डोक्याकडून सोडवू नका, शेपटीकडून उलगडत या. शेपटीला जोर कमी असतो. सात-आठ फुटांच्या पुढच्या अजगराला एकट्याने हात लावायचाच नाही.

माणूस गिळल्याचे जे व्हिडिओ फिरतात ते आपल्या अजगराचे नव्हेत. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर २०१७ साली तशी घटना खरंच घडली, पण तो जाळीदार अजगर. तो भारतात निकोबारकडे आहे, कोकणात नाही. तरी अजगराजवळ लहान मूल उभं करून फोटो काढणाऱ्यांना मी हाकलते.

कुठे सोडायचं

जिथे सापडला तिथून जवळात जवळ, त्याच व्हाळाच्या बाजूला. 'लांब नेऊन सोडा, परत येता कामा नये' हा हट्ट सगळीकडे होतो. फ्लोरिडात, जिथे ब्रह्मी अजगर परके आणि नकोसे आहेत, संशोधकांनी सहा अजगरांना २१ ते ३६ किलोमीटर दूर नेऊन सोडलं. बहुतेक जण महिनोन्महिने चालून मूळ जागेच्या पाच किलोमीटरच्या आत परतले. हा शोधनिबंध २०१४ सालचा. म्हणजे आंबोलीच्या जंगलात नेऊन सोडलेला अजगर वाटेतले रस्ते आणि वाड्या ओलांडत पुन्हा तुमच्याकडेच निघेल, किंवा वाटेत मरेल. आणि गेलाच तर मोकळ्या जागी दुसरा येतो. तुमच्या आवारात उंदीर आणि पाणी आहे तोवर ती जागा रिकामी राहत नाही.

एकेकाळी अजगर संपायला आला तो कातड्यासाठी. पट्टे, पाकिटं, बूट. १९७६ साली सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली. आज भारतीय अजगर 'संकटाच्या उंबरठ्यावर' या गटात आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीतही. तरी सांधेदुखीवर चरबीचं तेल म्हणून विकणारे जत्रेत भेटतात. ते तेल घेऊ नका. त्याने गुडघा बरा होत नाही, आणि घेणाराही गुन्ह्यात अडकतो.

रस्त्यावर

पावसाळ्यात रात्री घाटात अजगर आडवा पडलेला दिसतो. मोठा अजगर नागमोडी न जाता पोटाच्या खवल्यांवर सरळ रेषेत सरकतो, आणि इतका सावकाश की गाडीवाल्याला तो तुटलेली फांदी वाटतो. गाडी अलीकडे कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा आणि मागे वळणावर एकाला बॅटरी देऊन उभा करा. शेपूट धरून ओढू नका. ओढलं की तो वळून वेटोळं घालतो आणि पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं होतं. तो ज्या दिशेने तोंड करून आहे तिकडे जाऊ द्या.

चिरडलेला आढळला तरी कळवा. मादी असेल तर पोटात अंडी असू शकतात, आणि कुठल्या वळणावर साप मरतात याची नोंद त्यातूनच होते. मेलेला अजगरही सरकारच्या मालकीचा असतो. कातडं सोलून भिंतीला लावणं हा गुन्हाच. त्याचाही फोन १९२६ लाच करायचा.